जाड रॉड म्हणजे मजबूत जोड? नाही!

‘रॉड जाड, तर जोड पक्का’ हे ऐकून अनेक जण घरच्या लहान वेल्डिंग मशीनला 10 नंबरचा जाड रॉड लावतात. हा समज चुकीचा आहे. शिवाय धोक्याचाही आहे, कारण असा जोड वरून भरीव दिसतो.

साध्या माइल्ड स्टीलच्या 6013 या प्रकारच्या रॉडला साधारण इतका करंट लागतो: 12 नंबरला, म्हणजे 2.5 मिमीला, 60 ते 90 अँपिअर. 10 नंबरला, म्हणजे 3.15 मिमीला, 90 ते 130. (नंबर वाढला की रॉड बारीक होतो, इथेच नवखे फसतात.) करंट कमी पडला की रॉड चिकटतो, धातू नुसता वर साचतो, खालचं लोखंड वितळतच नाही. मग हातोड्याच्या एका घावात जोड सुटतो.

मशीनवर 200 अँपिअर लिहिलंय ना? त्याशेजारचा ड्यूटी सायकलचा आकडाही वाचा. 30 टक्के म्हणजे त्या करंटला दहा मिनिटांत तीनच मिनिटं काम. त्यात 130 अँपिअरच्या आर्कलाच (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीला) जवळपास 4 किलोवॅट वीज खेचली जाते. घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटला ती झेपत नाही.

खिडकीच्या ग्रिलला, 3 मिमीच्या अँगलला 12 नंबरचाच रॉड घ्या. पट्टी जाड असेल तर कडा घासून खाच करा आणि दोन-तीन थर द्या, प्रत्येक थरानंतर स्लॅग (जोडावर साचणारी काचेसारखी खपली) झाडून.