विद्युतचुंबकीय तरंगांचे दैनंदिन उपयोग

विद्युतचुंबकीय तरंग म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची एकत्र पुढे सरकणारी आंदोलने. त्यांना माध्यम लागत नाही. निर्वातात सर्वांचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किमी. फरक असतो तो तरंगलांबीत, म्हणजे तरंगाच्या लगतच्या दोन शिखरांमधील अंतरात, आणि कोणता तरंग कुठे कामी येईल हे बव्हंशी त्यावरच ठरते.

रेडिओ तरंग सर्वांत लांब. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असल्याने डोंगराआडही पोचतात. एफएमची लांबी साधारण 3 मीटर, म्हणून घाटात शिरताच एफएम खरखरू लागते.

मायक्रोवेव्ह ओव्हनमधील तरंग सुमारे 12 सेंमी लांबीचे असतात. त्यांच्या बदलत्या क्षेत्राबरोबर अन्नातील पाण्याचे रेणू सतत फिरू पाहतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि अन्न तापते. दाराच्या काचेतील जाळी नीट पाहावी: तिची छिद्रे मिलिमीटरभराची असतात. एवढा लांब तरंग त्यांतून बाहेर पडू शकत नाही. दृश्य प्रकाश मात्र सहज पडतो, म्हणून आतला पदार्थ दिसतो.

टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातील अतिनील दिवा जंतूंच्या डीएनएला इजा करून त्यांची वाढ थांबवतो. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांआड लपतात. म्हणून आधी गाळणी हवीच. क्ष-किरणांचा शोध रंटगेन यांनी 1895 मध्ये लावला. हाडातील कॅल्शियम ते अधिक शोषते, म्हणून फिल्मवर हाड पांढरे उमटते.

गॅमा किरणांचा संबंध लोक केवळ कर्करोगाच्या उपचारांशी जोडतात, पण ते आपल्या शेतमालापर्यंतही पोचले आहेत. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण कांद्यावर सोडले जातात. कोंबातील पेशींची विभाजनक्षमता संपते आणि साठवलेला कांदा मोडावत नाही. आंब्याला याहून बरीच मोठी मात्रा, किमान 400 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक), दिली जाते. तिने कोयीतला भुंगा निष्प्रभ होतो. 2007 मध्ये हापूसला अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली ती याच प्रक्रियेच्या अटीवर. असा कांदा वा आंबा किरणोत्सारी होतो ही भीती निराधार आहे: कोबाल्टच्या गॅमा किरणांत अणुकेंद्र बदलण्याइतकी ऊर्जाच नसते, आणि कोबाल्टचा मालाला स्पर्शही होत नाही.