पार्श्वभूमी : पँतेल्लेरिया बेटाची पासितो

इटलीतल्या गोड वाइनचा विषय निघाला की बहुतेकांना तस्कनीची विन सांतो आठवते, आणि तिच्यात बुडवून खायची बदामाची कडक बिस्किटं. पण वाळवलेल्या द्राक्षांच्या वाइनचा, म्हणजे पासितोचा, इतिहास मुळापासून पाहायचा, तर सिसिलीच्याही पलीकडे, पँतेल्लेरियाला जायला हवं. हे जेमतेम 83 चौरस किलोमीटरचं काळ्या ज्वालामुखी दगडाचं बेट आज इटलीत असलं, तरी सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे. एके काळी ते कार्थेज या ट्युनिशियातल्या प्राचीन नगरराज्याच्या ताब्यात होतं, आणि पासितोची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते.

रोमनांनी इ. स. पूर्व 146 मध्ये कार्थेज बेचिराख केलं. तिथली ग्रंथसंपदा त्यांनी आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली. मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचे शेतीवरचे 28 ग्रंथ मात्र सिनेटने लॅटिनमध्ये उतरवून घ्यायला लावले. पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन शेतीतज्ज्ञाने मागोची गोड वाइनची कृती नोंदवून ठेवली. पक्व द्राक्षं तोडा, सडकी फेकून द्या. जमिनीपासून उंच बोरूचे मांडव घालून त्यांवर घड उन्हात पसरा आणि दव पडू नये म्हणून रात्री झाका. वाळल्यावर मणी खुडून भांड्यात भरा, वर उत्तम ताजा रस ओता, आणि सहाव्या दिवशी फुगलेले मणी पिळून काढा.

आता पँतेल्लेरियातली आजची पद्धत पाहा. ऑगस्टमध्ये पहिली तोड होते आणि घड तीन-चार आठवडे ऊन-वाऱ्यात वाळतात. सप्टेंबरच्या तोडीतल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबू लागला की वाळलेले मणी हाताने खुडून त्यात घालतात. ते मणी आपली साखर आणि सुगंध हळूहळू रसात सोडतात. दोन हजारांहून अधिक वर्षांनीही कृतीचा गाभा इतका सारखा राहावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

द्राक्षाचं नाव झिबिब्बो, अरबीतून आलेलं. मस्कत या द्राक्षकुळातलं हे वाण ताजं खायला आणि बेदाण्यालाही चालतं. एके काळी इथे अरबांची सत्ता होती. खाम्मा, गादीर, बुक्कुराम ही गावा-शिवारांची नावं अजून त्यांची साक्ष देतात. बेटावर वारा असा की मांडवावरचा वेल टिकायचा नाही. म्हणून वेल खड्ड्यात लावून, छाटून, बुटक्या झुडपासारखा वाढवतात. भोवती रचीव दगडांचे बांध. या लागवडीला 2014 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे यंत्र चालत नाही, सगळं वाकून, हातांनी. विसाव्या शतकात माणसं बेट सोडून गेली आणि कितीतरी मळे ओस पडले. 1971 मध्ये या वाइनला अधिकृत दर्जा मिळाला, पण तिला पुन्हा नाव मिळालं ते ऐंशीच्या दशकात, वाइन बनवणाऱ्या मार्को दे बार्तोली यांची ‘बुक्कुराम’ आणि दोन्नाफुगाता कंपनीची ‘बेन रिये’ या दोन पासितोंमुळे. बाटलीची किंमत पाहून दचकणाऱ्याने ही वाकलेली पाठ लक्षात घ्यावी.

सोबत काय खायचं? बेटावरची पहिली पसंती ‘बाचो पान्तेस्को’ला : नक्षीचा लोखंडी साचा पिठात बुडवून तळलेली दोन कुरकुरीत फुलं आणि मधे रिकोता या मऊ ताज्या चीजचं गोड सारण. नाताळात वसईत आणि गोव्यात होणाऱ्या रोझ कुकीज ज्यांनी खाल्ल्यात, त्यांना ती फुलं लगेच ओळखू येतील. सिसिलीची कसाता (आइस्क्रीम नव्हे, रिकोताचा केक) आणि बदामाची मिठाईही चालते, मात्र पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि फिकी लागते. माझ्या मते तिची खरी जोडी गोर्गोन्झोलासारख्या निळ्या बुरशीच्या खारट चीजशी जमते. जर्दाळू, संत्र्याची साल आणि मधाचा वास त्या खारटपणावर जास्त उठून येतो. वाइन थोडी गार असावी आणि पेला लहान, कारण मद्यार्क 14 टक्क्यांच्या आसपास असतो.