नळाचा पैसा वेगळा, गटाराचा वेगळा: ग्रामपंचायतीने निधीची मोट कशी बांधायची

मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आणि मे महिन्यात पाड्यावर टँकर. हे रडगाणं ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थेट कागदांकडे येतो.

नळयोजना आणि सांडपाणी दोन्ही एकाच अनुदानात बसत नाहीत. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं) लावायचं, याला सरकारी भाषेत 'अभिसरण' म्हणतात. एकच काम दोन योजनांत दाखवलं की लेखापरीक्षणात वसुली निघते, एवढं लक्षात ठेवा.

नळजोडणीसाठी जल जीवन मिशन: माणशी रोज 55 लिटर. गावांतर्गत कामाच्या खर्चात 10 टक्के लोकवर्गणी लागते. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना 5 टक्के. ती श्रमदानातूनही चालते, पण हजेरीपत्रक ठेवा. तोंडी श्रमदान कुणी मोजत नाही.

सांडपाण्याला स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण), टप्पा 2. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपये, त्याहून मोठ्या गावाला 660. यातले 30 टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. 1,800 वस्तीचं गाव धरा: एकूण 5,04,000, पैकी 1,51,200 पंचायतीचे, उरलेले 3,52,800 मिशनचे. एवढ्यात भुयारी गटार होत नाही, त्याचा हट्ट सोडा. घरोघरी शोषखड्डे आणि टोकाला स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठवून आपोआप निवळू देणारं) हेच परवडतं. मात्र आपल्याकडे जुलैत जमीनच तुडुंब असते. भाताच्या खाचराला लागून खणलेला शोषखड्डा पाणी जिरवायचं सोडून वर फेकतो. जागा उंचवट्यावर बघा.

15व्या वित्त आयोगात (2021-26) 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचा, होता: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. त्यातली शिल्लक आधी तपासा. नव्या हप्त्याच्या अटी त्या वर्षीच्या शासन निर्णयात वाचा. पेसा गाव (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालचं) असेल, म्हणजे अख्खा शहापूर आणि मुरबाड-भिवंडीचा काही भाग, तर आदिवासी उपयोजनेतून थेट पंचायतीला मिळणाऱ्या 5 टक्के अबंध निधीतूनही पायाभूत सुविधा आणि स्वच्छतेची कामं घेता येतात.

कागदपत्रं: ग्रामसभेचा ठराव (कोणतं काम कोणत्या निधीतून, हे ठरावातच लिहा), ग्रामपंचायत विकास आराखड्यात कामाची नोंद, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं बँक खातं, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा स्रोताबद्दलचा दाखला, पाण्याचा तपासणी अहवाल, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता. टाकीची जागा खासगी असेल तर बक्षीसपत्र करून सातबारावर पंचायतीचं नाव चढवा. 'काकांनी जागा दिली आहे' एवढ्यावर बांधलेल्या टाकीला पुढे काकांचे पुतणे कुलूप लावतात.

खरं घोडं अडतं ते वनजमिनीत. पाइपलाइन जंगलातून जात असेल तर वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) वापरा. पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी 75 पर्यंत झाडं जात असतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर उपवनसंरक्षकांची परवानगी मिळू शकते. हा ठराव सगळ्यात आधी घ्या, त्याला वेळ लागतो.

नळयोजनेचा प्रस्ताव ठाणे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात, सांडपाण्याचा पंचायत समितीमार्फत जिल्हा पाणी व स्वच्छता कक्षात. दोन फायली, दोन्हींवर आवक क्रमांकाची पोच घ्या.