शीख कोण, हे कोणी ठरवायचं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं. त्या खटल्याच्या कागदांत त्यांची ओळख ‘उच्च जातीचा हिंदू’ अशी आहे. थिंड शीख होते, पगडी बांधत आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. त्या काळी तिकडे हिंदुस्थानातून आलेला कोणीही ‘हिंदू’च, मग तो मुसलमान का असेना. बेलिंगहॅममधल्या लाकूडगिरण्यांतून १९०७ मध्ये गोऱ्या जमावाने हाकललेले हिंदी मजूर बहुतेक शीख होते, पण वर्तमानपत्रांत तेही हिंदूच. थिंड यांच्या खटल्यातली विसंगती मात्र आणखी बोचरी आहे. गोऱ्यांत आपली गणना व्हावी म्हणून त्यांच्या बाजूनेच आर्यवंशाचा आणि उच्च जातीचा दाखला पुढे केला होता. ज्या पंथाच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्याची जात विचारत नाहीत, त्या पंथाचा माणूस परक्या कोर्टात जातीच्या आधारावर उभा राहिला, आणि तरी हरला.

शिखांना बाहेरच्यांनी आपल्या सोयीने ओळखायचं आणि मग पंथाने आपली व्याख्या स्वतः लिहून काढायची, हा सिलसिला जुना आहे. आजचे बरेच वाद त्यातूनच आलेले आहेत.

मुळात श्रद्धा काय, ते थोडक्यात. गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्या मूलमंत्रात परमेश्वर एक आहे, निर्भय, निर्वैर, अकाल आणि ‘अजूनी’ आहे. अजूनी म्हणजे योनीत न येणारा. अवतारकल्पनेला इथेच नकार मिळतो. नाम जपावं, कष्टाने कमवावं, वाटून खावं, ही आचाराची तीन सूत्रं. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात गुरूंच्या वाणीसोबत कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणी आहे, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेडला देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुपद ग्रंथाला दिलं. म्हणून गुरुद्वाऱ्यात ग्रंथावर चवरी ढाळतात, रात्री त्याला विधिपूर्वक विश्रांतीला नेतात. बाहेरच्या माणसाला ही मूर्तिपूजाच वाटते. शिखांच्या लेखी तिथे जिवंत गुरूचा दरबार भरलेला असतो.

नामदेवांमुळे मराठी माणसाला शीख धर्म जवळचा वाटतो, आणि ते रास्तच आहे. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं, ते याच नात्याने. पण या जवळिकीत एक खोडही आहे. ‘नामदेव त्यांच्या ग्रंथात, म्हणजे ते आपलेच’ इथवर आपण फार पटकन पोचतो. फरीद मुसलमान सूफी होते, पण त्यांच्या श्लोकांवरून पाकिस्तानी माणूस शिखांना आपल्यात मोजू लागला तर आपल्याला ते चालणार नाही.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ स्थापन झाला. पहिले पाच प्यारे वेगवेगळ्या जातींचे आणि दूरदूरच्या गावांचे: लाहोर, हस्तिनापूर, द्वारका, जगन्नाथपुरी आणि बिदर. बिदरचे साहिबचंद न्हावी समाजातले होते. केस, कंगवा, कडं, कच्छेरा आणि कृपाण ही पाच चिन्हं खालशाची. सगळे शीख अमृत घेतलेले, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेले, नसतात. दीक्षेविना केस राखणारे केसधारी असतात, केस न राखणारे सहजधारीही असतात. बाहेरून मात्र दिसते ती पगडी.

बाहेरच्यांच्या सुरुवातीच्या नोंदी फारसीत आहेत. बादशहा जहांगीरने आत्मचरित्रात गुरू अर्जनदेवांच्या कामाला खोट्याचं दुकान म्हटलं आणि त्यांना मृत्युदंड फर्मावला, ते साल १६०६. शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ या निरनिराळ्या धर्मांवरच्या ग्रंथाचा सूर बराच वेगळा आहे. नानकपंथी मूर्ती आणि अवतार मानत नाहीत, हे तो लेखक सरळ नोंदवतो. पुढे अहमदशहा अब्दालीबरोबर १७६४–६५ मध्ये आलेल्या काझी नूर मुहम्मदने शिखांना शिव्या घातल्या. पण पळणाऱ्यावर ते वार करत नाहीत, बाईच्या अंगाला हात लावत नाहीत, हे कबूल केलं, आणि त्यांचा पंथ हिंदूंपासून वेगळा आहे हेही लिहून ठेवलं.

या जुन्या साक्षी महत्त्वाच्या आहेत, कारण शिखांची वेगळी ओळख ही इंग्रजांची करामत, असं आजही व्हॉट्सअॅपवर फिरतं. इंग्रजांनी त्या वेगळेपणाचा फायदा घेतला, हे खरं. ते त्यांनी घडवलं म्हणावं, तर १८४९ मध्ये पंजाब ताब्यात येण्याआधीच्या या नोंदींचं काय करायचं? ‘ना हम हिंदू न मुसलमान’ ही ओळही गुरू अर्जनदेवांच्या वाणीतली आहे. अठराव्या शतकातल्या मराठ्यांना हा प्रश्न पडला नसावा. १७५८ मध्ये सरहिंद घेताना राघोबादादांच्या फौजेबरोबर आणि पंजाबातला सरदार अदिना बेग याच्याबरोबर शीखही होते. तो राजकारणाचा मामला होता.

इंग्रजांचं राजकारण जास्त बारकाईचं. दोन शीख-इंग्रज युद्धांत ज्यांनी घाम फोडला, त्यांना १८५७ नंतर त्यांनी ‘लढवय्या जमातीं’त बसवलं. फौजेत शीख म्हणून भरती व्हायचं तर केस राखायचे, पंथाची शिस्त पाळायची, हा पलटणींचा दंडक झाला. सारागढीला १८९७ मध्ये २१ शीख शिपाई ठाण्यात लढता लढता पडले आणि ती प्रतिमा पक्की झाली. या कौतुकाचा तोटा असा, की शेतकरी, सुतार, व्यापारी, कवी, ग्रंथी सगळे मागे पडले आणि पुढे उरला फक्त बंदूकधारी शीख.

विद्वानांचीही दोन टोकं. सरकारी कामावर नेमलेल्या एर्न्स्ट ट्रंप या जर्मन पंडिताने १८७७ मध्ये आदिग्रंथाचा इंग्रजी अनुवाद काढला, आणि त्यात ग्रंथाबद्दलच इतका तुच्छतेने लिहिलं की पंथ संतापला. ग्रंथींशी बोलताना तो समोरच्या पोथीवर चिरुटाचा धूर सोडत होता, अशी हकीकत मॅक्स मॅकॉलिफ या माजी सरकारी अधिकाऱ्याने सांगितली आहे. तंबाखू निषिद्ध मानणाऱ्यांसमोर! त्याच मॅकॉलिफने शीख विद्वानांच्या संगतीत बसून १९०९ मध्ये शीख धर्मावरचे सहा खंड प्रसिद्ध केले. हिंदू धर्म शीख धर्माला अजगरासारखा गिळेल, हा त्याचा इशारा आजही कोणी ना कोणी उद्धृत करतं.

आतली चळवळ तोवर सुरू झाली होती. अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचं जाहीर केलं आणि १८७३ मध्ये पहिली सिंघ सभा ही शीख सुधारकांची संघटना उभी राहिली. लवकरच आर्य समाजाशी खटके उडू लागले. १९०० मध्ये लाहोरला आर्य समाजाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या रहतिया शिखांचं जाहीर शुद्धीकरण करून त्यांचे केस कापले. शीख विद्वान काहनसिंग नाभा यांचं ‘हम हिंदू नहीं’ हे पुस्तक १८९८ मधलं, या झगड्याच्या ऐन मध्यावरचं. नंतरच्या तारखा भराभर येतात. १९०५ मध्ये हरमंदिर साहिबच्या परिक्रमेतल्या मूर्ती हटवल्या गेल्या. १९०९ मध्ये शीख पद्धतीच्या लग्नाला मान्यता देणारा आनंद विवाह कायदा झाला. १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. पुढच्याच वर्षी ननकाना साहिबला गुरुद्वाऱ्याचा ताबा असलेल्या महंताच्या माणसांनी तो सोडवू पाहणाऱ्या आंदोलकांची कत्तल केली, आणि १९२५ च्या कायद्याने पंजाबातले ऐतिहासिक गुरुद्वारे पंथाच्या निवडून आलेल्या समितीकडे आले. शीख कोणाला म्हणावं, याची लेखी व्याख्या ‘सिख रहत मर्यादे’त १९४५ मध्ये नक्की झाली.

या कथेतला महाराष्ट्राचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. येवल्याला १९३५ मध्ये ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केल्यावर डॉ. आंबेडकरांनी ज्या धर्मांचा गंभीर विचार केला, त्यात शीख धर्म वरच्या क्रमांकावर होता. १९३६ च्या एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले, काही अनुयायांना तिथे अभ्यासाला पाठवलं. त्याच उन्हाळ्यात हिंदू महासभेचे नागपूरचे डॉ. मुंजे यांनी त्यांच्याशी बोलणी केली. शीख होण्याला मुंज्यांची संमती होती, कारण शीख झालेला माणूस हिंदू संस्कृतीतच राहतो असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे पंजाबात पन्नास वर्षं शीख जे नाकारत होते, तीच गोष्ट इथे त्यांच्या पात्रतेचा दाखला ठरली. आंबेडकरांनीही तो मुद्दा त्या वेळी युक्तिवादात वापरला होता. बेत पुढे सरकला नाही, त्याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. पंजाबातल्या गावांत मजहबी, म्हणजे दलित, शिखांना मिळणारी वागणूक काही लपलेली नव्हती. गुरूंची शिकवण आणि जाट जमीनदाराचा गावगाडा यांत तेव्हाही अंतर होतं, आजही आहे. त्या काळाची एक खूण माटुंग्यात उभी आहे: १९३७ मध्ये सुरू झालेलं खालसा कॉलेज.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने २५व्या अनुच्छेदात कृपाण बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात, सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सर्वांना खुल्या करण्याच्या संदर्भात, हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरले. कायद्याच्या दृष्टीने ती मर्यादित तरतूद आहे, पण सल मोठा राहिला. १९८४ च्या फेब्रुवारीत अकाली नेत्यांनी दिल्लीत त्या अनुच्छेदाची प्रत जाळली. मग जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं, ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले. जमावाला ओळख पटवायला पगडी पुरली. पुढच्या वर्षी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात खलिस्तानी दहशतवाद्यांच्या बॉम्बने ३२९ माणसं गेली, आणि काही शिखांच्या कृत्याचा हिशेब सगळ्यांकडे मागण्याची सवय परदेशांतही लागली.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्याने पगडी पाहून त्यांना अरब मुसलमान ठरवलं होतं. ‘आम्ही मुसलमान नाही’ हे सांगणं सोपं होतं, आणि काहींनी तसं सांगितलंही. पण मग मुसलमानाला मारलेलं चाललं असतं का, हा प्रश्न शिखांमधूनच पुढे आला. त्यांच्या काही संघटनांनी ते वाक्य जाणीवपूर्वक टाळलं. मला हा त्या समाजाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वच्छ निर्णय वाटतो.

आपल्याकडची प्रतिमा हलकीफुलकी असते असं आपण मानतो. ‘बारा वाजले’चा विनोद कोणाला ठाऊक नाही? शीख त्याला नादिरशहाच्या स्वारीची कथा जोडतात: मध्यरात्री छापे घालून पळवलेल्या बायका सोडवल्या, म्हणून बारा. परतणाऱ्या नादिरशहाच्या तांड्यांवर शिखांनी हल्ले केल्याचं सांगितलं जातं; बाराचा ठोका मात्र लोककथेतलाच दिसतो. असे विनोद थांबवावेत म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये न्यायालयाने नैतिक नियमावली घालून देणं आपल्याला शक्य नाही असं सांगितलं. कायद्याने हे मिटणारही नव्हतं. पण शाळेत पगडीवाला एकटाच असलेल्या मुलाला विचारलं, तर त्यातला हलकेपणा कुठे जातो ते कळतं.

प्रतिमा किती झरझर बदलतात, ते २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी दाखवलं. टाळेबंदीत नांदेडला अडकलेले हजारो यात्रेकरू पंजाबात परतले, त्यांतले अनेक जण कोरोनाबाधित निघाले आणि काही दिवस तेच साथीचे खलनायक ठरले. हिवाळ्यात दिल्लीच्या वेशीवर बसलेले शेतकरी एका बाजूला अन्नदाते होते, दुसऱ्या बाजूला खलिस्तानी. दुसऱ्या लाटेत गुरुद्वाऱ्यांनी ऑक्सिजनचे लंगर लावले, तेव्हा सगळा देश हात जोडून उभा.

नांदेडचे शीख तर ‘शीख म्हणजे पंजाबी’ या समजातही बसत नाहीत. महाराजा रणजितसिंगांच्या काळात निजामाकडे आलेल्या फौजेचे वंशज इथे दखनी शीख म्हणून राहिले, मराठी आणि दखनी बोलतात. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दिव्यांची आरती होते, बोकड कापण्याची प्रथा आहे, ग्रंथसाहिबाशेजारी गुरू गोविंदसिंगांच्या नावावरचा दसम ग्रंथही मांडलेला असतो. अमृतसरच्या रहत मर्यादेत यातलं बरंच बसत नाही. कारभार १९५६ च्या हैदराबाद राज्याच्या कायद्याखाली चालतो. १७ जणांच्या त्या मंडळात सरकारनियुक्त सदस्य वाढवून १२ करण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. नांदेडमध्ये लोक रस्त्यावर आले, शिरोमणी समितीने अमृतसरहून निषेध केला. एरवी आरतीवरून आणि बोकडावरून एकमेकांकडे तिरकं पाहणारे हे दोन्ही पक्ष त्या आठवड्यात एकाच बाजूला होते.