‘मानवनिर्मित’ या शब्दात अडकलेली ठाणे खाडी

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासून ही खाडी माणसाच्या हाताखालून गेली आहे. बांध घालून, उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) बसवून खारजमिनीत भात घेतला, कुठे मिठागरं केली. निवटी, चिंबोरी, कोळंबीवर कोळी-आगरी घरं चालली. पुढे ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. जमीन सखल, म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून ओहोटीला खाडीत सोडणारे धारण तलाव ठेवले गेले. त्यांच्या काठाने तिवरं, म्हणजे कांदळवनं वाढली, चिखलावर पक्षी उतरू लागले. म्हणजे इथलं नैसर्गिक काय आणि केलेलं काय, हे वेगळं काढणं अवघडच.

आणि नेमकी हीच विभागणी कायद्याने मागितली. पाणथळी जपण्याचा आंतरराष्ट्रीय रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ मध्ये आला. त्या करारात मानवनिर्मित पाणथळी वर्ज्य नाहीत, मिठागरंसुद्धा बसतात. आपल्याकडे केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यसंवर्धन, मीठ आणि करमणुकीसाठी खास बांधलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतून वगळल्या. भातशेतीही गेली. या यादीत पूरनियंत्रणाचे तलाव नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तरीही धारण तलावांचा विषय निघाला की ‘ते तर मानवनिर्मित’ एवढ्यावर बोळवण होते. ‘खास कशासाठी बांधलं’ हा नियमातला प्रश्न कुणी विचारत नाही. शिवाय अभयारण्य, वनक्षेत्र आणि किनारा नियमन क्षेत्रातल्या पाणथळींना हे नियम लागूच होत नाहीत. खाडीकाठचा बराच भाग त्यातच मोडतो. उपग्रहाच्या आधारे नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना आधीच्या, २०१० च्या पाणथळ नियमांतल्या तत्त्वांनुसार जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत सांगितलं होतं. नवे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले.

कांदळवनांचं तेवढं बरं झालं. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीला आणि भरावाला चाप बसला. २०१५ मध्ये खाडीचं सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झालं. २०२२ मध्ये भोवतालच्या क्षेत्रासह साडेसहा हजार हेक्टरला रामसर दर्जा मिळाला.

पण पक्ष्यांना हद्द कळत नाही. भरतीला खाडीचा चिखल बुडाला की ते नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या तलावांवर येऊन बसतात, आणि हे तलाव अभयारण्याबाहेर. त्यांतला डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव सुमारे ३० एकरांचा. त्याची भरतीचं पाणी येण्याची तोंडं बुजली, पाणी आटलं, २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेलेले सापडले. त्यानंतर २०२५ मध्ये तलाव ‘संवर्धन राखीव’ (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह, कायद्याने संरक्षित क्षेत्र) करण्याचा सरकारी निर्णय झाला. दिवाळे, सारसोळे, करावेचे मच्छीमार याच खाडीत जाळी टाकतात. रामसर करारातली ‘सुज्ञ वापर’, म्हणजे पाणथळ टिकवून तिचा उपयोग करणं, ही कल्पना त्यांच्यासारख्यांनाही धरून आहे. इथल्या चर्चेत मात्र पक्ष्यांचे फोटोच पुढे असतात.