लॅब ऑटोमेशनची पार्श्वभूमी: मशिनचा वेग आणि ट्यूबचा प्रवास

क्लिनिकल लॅबसाठी ऑटोमेशन घ्यायचं ठरलं की कोटेशनमध्ये सगळ्यात ठळक आकडा असतो तो तासाला किती टेस्ट होतील याचा. तुलनाही त्यावरच होते. हा आकडा एवढा मोठा का झाला आणि निवडीसाठी तो एकटा पुरेसा का नाही, हे मागे वळून पाहिलं की कळतं.

१९५० च्या दशकात ग्लुकोज किंवा युरिया करायचं म्हणजे टेक्निशियनने प्रत्येक सॅम्पल हाताने पिपेट करायचं, प्रोटीन वेगळं काढायचं, रीएजंट म्हणजे तपासणीचं रसायन घालायचं आणि रंग मोजायचा. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या व्हेटरन्स हॉस्पिटलमधले लेनर्ड स्केग्ज यांनी यावर फार सुंदर तोड काढली. रोलरच्या पंपाने बारीक नळ्या दाबत सॅम्पल आणि रीएजंट सतत वाहतं ठेवायचं. मधे हवेचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे एका पेशंटचं सॅम्पल दुसऱ्यात मिसळत नाही. वाटेत बारीक छिद्रांचा पडदा असतो, प्रोटीन त्याच्या अलीकडे राहतं, पुढे रंग मोजला जातो आणि कागदावर पेन शिखरं काढत जातं. १९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीने हे यंत्र ‘ऑटोॲनालायझर’ नावाने बाजारात आणलं. पुढच्या ‘एसएमए १२/६०’ या मॉडेलच्या तर नावातच वेग होता: तासाला ६० सॅम्पल, प्रत्येकाच्या १२ टेस्ट. अडचण अशी की डॉक्टरांनी दोनच मागितल्या तरी बाराही व्हायच्या. मागितली तेवढीच टेस्ट करणारे रँडम ॲक्सेस ॲनालायझर नंतर आले आणि तो प्रश्न मिटला.

पण सॅम्पल मशिनपर्यंत पोचवणं हाताचंच राहिलं. ते काम अंगावर घेतलं जपानमधल्या कोची मेडिकल स्कूलच्या डॉ. मासाहिदे सासाकी यांनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कन्व्हेयर (सरकता पट्टा) आणि रोबोट लावून सॅम्पलची ट्यूब थेट ॲनालायझरपर्यंत, म्हणजे टेस्ट करणाऱ्या मशिनपर्यंत, नेली. तयार सिस्टिम विकत मिळत नव्हती, म्हणून त्यांनी ती आपल्या लॅबमध्येच उभी केली. माझ्या मते ऑटोमेशनचा खरा इतिहास इथून सुरू होतो, कारण एका कंपनीची ट्यूब दुसऱ्या कंपनीच्या मशिनला कशी चालणार, हा आजचा प्रश्न तेव्हाच समोर आला. त्यावर लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीसीएलएस या संस्थेने, म्हणजे आजच्या सीएलएसआयने, ट्यूब, बारकोड आणि मशिनमधला संवाद यांसाठी मानकं काढली. तरीही ट्यूब वाहून नेणारा ट्रॅक वेगवेगळ्या कंपन्यांची मशिन जोडता येणारा ‘ओपन’ घ्यायचा की एकाच कंपनीचा ‘क्लोज्ड’, हा वाद आजही चालू आहे.

दरम्यान १९९७ मध्ये इटलीतल्या पादुआ इथल्या प्लेबानी आणि कारारो यांनी तातडीच्या लॅबमधल्या चुका मोजल्या. ६८.२ टक्के चुका टेस्टच्या आधीच्या टप्प्यात होत्या, प्रत्यक्ष टेस्टमध्ये फक्त १३.३ टक्के. चुकीच्या पेशंटचं रक्त घेतलं गेलं तर कोणताच ट्रॅक ते पकडत नाही. मात्र ट्यूब लॅबमध्ये आल्यावर नोंदणी, वर्गवारी, सेंट्रिफ्यूज, झाकण काढणं, वेगळ्या ट्यूबमध्ये सीरम काढून ठेवणं या पायऱ्यांवर मशिन खूप मदत करतं. मध्यम लॅबला अनेकदा पूर्ण ट्रॅकपेक्षा एवढाच भाग घेणं शहाणपणाचं ठरतं.

म्हणून डेमोला जाताना आपल्याच ट्यूब न्याव्यात: लहान मुलांच्या, वाकडं लेबल लागलेल्या, कमी रक्ताच्याही. आणि उद्या ट्रॅक बंद पडला तर काय, हे कळावं म्हणून तो मुद्दाम बंद करायला लावून ॲनालायझरला थेट समोरून रॅक लावता येतो का, हे करूनच दाखवायला सांगावं.