काळा ओटा: कडप्पा की ग्रॅनाइट?

दगडाच्या वखारीत दोन लाद्या शेजारी शेजारी टेकवून ठेवलेल्या असतात. दोन्ही काळ्या, दोन्हींवर दुकानातल्या पोऱ्याने नुकतंच पाणी मारलेलं. ओला दगड चमकतोच, त्यामुळे त्या वेळी कुठला कडप्पा आणि कुठला ग्रॅनाइट हे भलेभले सांगू शकत नाहीत. आम्ही तर सहा वर्षं सांगू शकलो नव्हतो. १९८४ सालच्या इमारतीतला फ्लॅट घेताना एजंटाने ‘ग्रॅनाइटचा ओटा’ म्हणून दाखवला आणि आम्ही मान डोलावली. मग एकदा सोलकढीच्या गडबडीत कोकमाच्या आगळाची बाटली ओट्यावरच राहिली. सकाळी उचलली तर खाली बाटलीच्या बुडाएवढा फिकट, निस्तेज गोल. घासला, तेल लावलं, पीठ लावून बघितलं. गेला नाही. तेव्हा कळलं की आमचा ओटा कडप्प्याचा आहे.

कडप्पा हा चुनखडीचा दगड. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलं. आपल्याकडच्या जुन्या घरांत भेटणारी शहाबादी फरशी आणि कोटा यांचाच हा काळा भाऊबंद. चुनखडीचं आणि आंबटाचं वैर आहे: लिंबू, चिंच, आमसूल, दही, व्हिनेगर यांपैकी काहीही थोडा वेळ साचलं की तेवढा पृष्ठभाग खाल्ला जातो. तो डाग नसतोच, बारीकसा खड्डा असतो, म्हणून पुसून जात नाही. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात वितळलेला रस हळूहळू थंड होऊन बनतो, त्यात चुनखडी नसते. गंमत म्हणजे ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड भूशास्त्रज्ञाच्या वहीत ग्रॅनाइट नसतो. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्याच ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा, आणि तो खरं तर गॅब्रो नावाचा दगड. पण स्वयंपाकघराला त्याने फरक पडत नाही. कठीणपणा आणि आंबटाला न घाबरणं, हे दोन्ही त्याच्यात आहे.

ओळखायचं कसं? पॉलिश केलेल्या बाजूकडे बघूच नका, ती दोघांचीही फसवी. लादीची कड बघा. कडप्प्याची तुटलेली कड पानं एकावर एक रचल्यासारखी, थराथराची दिसते, आणि मागची बाजू सपाट, करडी. ग्रॅनाइटची कड उन्हात धरली की साखरेसारखे बारीक कण चकाकतात. मग तुकडा मागून घ्या आणि कोपऱ्यात सुरीने रेघ ओढा. कडप्प्यावर पांढुरकी भुकटी पडते, रेघ राहते. ग्रॅनाइटवर उलट सुरीचंच लोखंड घासून करडी रेघ उमटते आणि ती बोटाने पुसली जाते. शंका उरलीच तर लिंबाचे दोन थेंब पंधरा मिनिटं ठेवून पुसा.

ग्रॅनाइट घेतानाही एक खोड असते. करड्या दगडाला रंग पाजून ‘जेट ब्लॅक’ म्हणून विकतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन जोरात घासा. फडकं काळं झालं तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

इतकं वाचून कडप्पा बाद, असं वाटलं असेल. मला तसं वाटत नाही, आणि जागा लहान असेल तर मुळीच नाही.

आमचं स्वयंपाकघर ७ बाय ८ फूट. खाली जुनी मोझॅक टाइल, पिवळसर पांढरी, तपकिरी खड्यांची. सागवानी चौकटी, खिडकीला लोखंडी गज. अशा घरात आरशासारखा ग्रॅनाइट आणि चकचकीत लाल कपाटं बसवली की स्वयंपाकघर शेजाऱ्यांच्या घरातून आणल्यासारखं दिसतं. शिवाय पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट काहीच लपवत नाही. पाण्याचा थेंब, कणकेचं बोट, ट्यूबलाइटची सगळी लांबी, सगळं त्यात दिसतं. वापरून मऊ झालेला कडप्पा मोझॅकशेजारी शोभतो, कारण दोघं एकाच काळातले आहेत.

आणि खरी कमाई ओट्याखाली आहे. तयार मॉड्युलर किचनमध्ये प्लायची खोकी शेजारी शेजारी बसतात, म्हणजे दोन खोक्यांच्या मध्ये १८ मिलिमीटरच्या दोन भिंती, मिळून दीड इंचाच्या आसपास. कप्पे कडप्प्याचे केले तर मध्ये उभी पट्टी एकच, साधारण इंचभर. अरुंद ओट्याखाली तीन-चार ठिकाणी अर्धा-अर्धा इंच वाचला की ताटांच्या ट्रॉलीत एक ओळ जास्त बसते. सिंक गळलं तरी कडप्पा फुगत नाही, वाळवी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. अट एकच: ट्रॉलीवाल्याला माप घ्यायला कडप्पा बसल्यावर बोलवायचं. गवंड्याचा दोन फूट आणि ट्रॉलीवाल्याचा दोन फूट हे वेगवेगळे असतात.

म्हणून आम्ही दोन्ही घेतले. खालचे उभे-आडवे कप्पे जुन्या कडप्प्याचेच ठेवले, वर ग्रॅनाइट घातला. अनेक घरांत असंच असतं, आपल्याला दिसतो फक्त वरचा. मात्र पॉलिशऐवजी लेदर फिनिश घेतलं. हात फिरवला तर किंचित खरबरीत, उजेड परतवत नाही, लांबून जुन्या कडप्प्यासारखाच दिसतो. मोझॅकशी भांडण नाही आणि लिंबू बिनधास्त चिरता येतं. तोटाही सांगते: पोळ्यांचं कोरडं पीठ त्या खरबरीत पोतात बसतं, एकदा पुसून भागत नाही. कपाटांची दारं फरशीच्या पिवळसर पांढऱ्या रंगाची केली. काळ्या ओट्याखाली गडद दारं केली असती तर सात फुटांचे पाच वाटले असते.

आता वजन. आठ फूट बाय दोन फुटांचा २० मिलिमीटर जाडीचा काळा ग्रॅनाइट ८५ ते ९० किलोंचा होतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार माणसांनी तो तिसऱ्या मजल्यावर आणला तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर माझा जीव खालीवर होत होता. जिना अरुंद असेल तर सांधा कुठे येईल हे आधीच ठरवा, आणि तो सिंकजवळ येऊ देऊ नका.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र काम संपताना होतो. सिमेंटचे डाग काढायला गवंडी शेवटच्या दिवशी ॲसिडची बाटली काढतो. ग्रॅनाइटवरचं ॲसिड ओघळून खाली कडप्प्यावर आलं की त्याचं पॉलिश गेलंच. आमच्याकडे सिंकखालची एक पट्टी अशी पांढरी पडली आहे. मिस्त्री म्हणाला, “ताई, आत कोण बघतंय?” मी रोज बघते.

वरची जुनी लादी टाकवली नाही. खिडकीशेजारच्या फडताळात बसेल अशी कापून घेतली, त्यावर लोणच्याच्या बरण्या असतात. आगळाचा गोल तिच्यावर अजून आहे. बाटली त्यावरच ठेवते, पण आता खाली स्टीलची ताटली असते.